मुंगीचा जिना

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून ही वही. दुकानात कापून उरलेला कागद होता, त्याचे सोळा-सोळा पानांचे फर्मे करून मीच शिवली. बाइंडरने वही विकत आणली तर लोक हसतील.

कारण असं की मुंगीच्या शाळेतून चिठ्ठी आली. मुंगी माझी मुलगी, वय वर्षं सात. खरं नाव वेगळं आहे, पण रांगायची तेव्हापासून एका वेळी एकच वस्तू उचलून घरभर नेत राहायची, म्हणून मुंगी. दप्तरावरसुद्धा तिने हट्टाने तेच लिहून घेतलंय. तर चिठ्ठीत असं आहे की वर्गातली सगळी मुलं वाचायला लागली, ही दोन अक्षरांपुढे जात नाही. पंचवीस ऑक्टोबरला बाई स्वतः तिच्याकडून धडा वाचून घेणार. जमलं नाही तर तिला पुन्हा पहिलीत बसवणार, लहान पोरांबरोबर.

बायकोने चिठ्ठी वाचली, घडी घालून फळीवर ठेवली आणि मुंगीच्या केसांतला गुंता सोडवत राहिली. ती प्रसूतिगृहात नर्स आहे. म्हणाली, वाचेल ती, अजून तिची वेळ आली नाही. मी म्हटलं, हे तुझं प्रसूतिगृह नाही. तर म्हणे, तिथे तरी मी वेगळं काय करते, बघतच बसते की.

मी पाचव्या वर्षी घडाघडा वाचत होतो, हे तिला पुन्हा एकदा सांगितलं. लग्न ठरलं तेव्हापासून सांगत आलोय.

ज्याच्या हाताखालून दिवसाला पन्नास पुस्तकं जातात त्याच्या मुलीला वाचता येत नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर काय म्हणतील, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. शिकवायचं ठरवलं आहे. रोजची नोंद इथे करीन, म्हणजे प्रगती दिसेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

शाळा सुटली की मुंगी दुकानात येते. खळीच्या डब्याशेजारी तिला स्टूल दिलं, पुढ्यात पाठ्यपुस्तक. मी कामात आणि ती अभ्यासात, असा माझा बेत. प्रत्यक्षात तिचं लक्ष सगळं मावशींच्या टेबलाकडे.

मावशी म्हणजे नात्याच्या नव्हेत. माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे फर्मे लावायला आहेत. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे क्रमाने मांडलेले असतात, त्यांच्या कडेने चालत एकेक फर्मा उचलायचा, शेवटाला पोचलं की हातात एक पुस्तक तयार. फर्म्याच्या घडीवर छापखान्याने एक बारीक काळी खूण केलेली असते, पहिल्यावर अगदी वर, दुसऱ्यावर जरा खाली, अशी उतरत उतरत. क्रम बरोबर असला की पुस्तकाच्या पाठीवर त्या खुणांचा उतरता जिना दिसतो. मावशी प्रत्येक पुस्तक उचलून जिना बघतात, मगच माझ्याकडे शिवायला देतात.

आज तासाभरात मुंगीने तीन शब्द वाचले. त्यातले दोन चित्र बघून.

११ सप्टेंबर, बुधवार

मावशी पोरीला फितवतात. आज बघतो तर दोघी टेबलाच्या टोकाला. एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ बोटाने दाखवत काहीतरी कुजबुज चालली होती, आणि मुंगी खुदुखुदू हसत होती. मी म्हटलं, मावशी, तिचा वेळ घालवू नका. मावशींनी पुढचा फर्मा उचलला. मुंगी स्टुलावर येऊन बसली आणि पुस्तक उघडल्याबरोबर तिचं तोंड बंद झालं.

बायकोला सांगितलं तर ती उलट विचारते की हसत होती म्हणजे कशाला हसत होती? मला काय माहीत!

ती कामावर जाण्याआधी बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धुते आणि तेव्हा ओठ हलत असतात. प्रार्थना करते हे माहीत होतं. काय मागते, हे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. आज विचारलं. बाळ-बाळंतीण सुखरूप असू दे, असंच ना?

"ते आहेच. पण त्याआधी एक मागते," ती म्हणाली. "मला दिसू दे. वेळ आली की खुणा असतात रे. बाई एकदम गप्प होते, नजर बदलते. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे नको."

देवाशी माझं फारसं बोलणं नसतं. पण आज दुकान उघडताना मीही मागून घेतलं. पोरीला पंचवीस तारखेच्या आत वाचता येऊ दे. गिऱ्हाईक आपल्याला सांगतं तसं, तारखेसकट.

१८ सप्टेंबर, बुधवार

दिवस वाईट. सगळं एकदम.

महाविद्यालयाचं पुस्तक परवा द्यायचंय. झाडांच्या रोगांवरचं आहे, अकरा फर्मे, दोनशे प्रती. आणि नेमक्या मावशी दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. चाळीसेक प्रती लावायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, आपणच लावू. सात नि आठचे गठ्ठे संपले होते, ते नवे आणून मांडले आणि सुरुवात केली. एकीकडे मुंगीचा धडा. मी टेबलाच्या कडेने फेऱ्या मारतोय, फर्मे उचलतोय, आणि दर फेरीला तिच्यापाशी आलो की म्हणायचं, हं, पुढचा शब्द.

ती पुढचा शब्द सोडून माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत बसायची. तीन-चार फेऱ्या झाल्या. मग म्हणते, "बाबा, जिना मोडलाय."

अभ्यास टाळायला पोरं काय काय काढतात! कुणाला तहान लागते, कुणाच्या पोटात दुखतं, हिला जिना दिसतो. मी म्हटलं, पुस्तकात बघ. परत म्हणाली. मी टेबलावर लोखंडी पट्टी आपटली. तिला लागली नाही, नुसती आपटली. पण ती एवढी दचकली की स्टुलावरून खाली उतरून उभी राहिली. मग मुकाट्याने बसली. त्यानंतर एक अक्षर बोलली नाही, ना पुस्तकातलं ना बाहेरचं.

प्रती मात्र वेळेत झाल्या. लगेच शिवायलाही घेतल्या.

२६ सप्टेंबर, गुरुवार

नवी युक्ती. बाई कुठला धडा घेणार हे शेजारच्या मुलाच्या आईकडून कळलंय. तो धडा मुंगीकडून पाठच करून घ्यायचा. मी वाचतो, ती मागून म्हणते. पाठांतर हिचं चांगलं आहे. एका आठवड्यात बोलायला लागेल आणि कुणाच्या बापाला कळणार नाही.

हे लिहिताना बरं वाटलं नाही. पण मग लहान पोरांत बसवायचं तिला? वाचन काय, पुढे येईलच. आधी इज्जत राहू दे. बायकोला सांगितलेलं नाही.

घरी यायला हल्ली फार वेळ लागतो. मुंगी दर दुकानापुढे थांबते, मान वर करून उभी राहते, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. हात धरून ओढावं लागतं. दुकानात काय ठेवलंय तिकडे बघतसुद्धा नाही, वर पाटीकडे बघते. आज औषधाच्या दुकानापुढे इतका वेळ उभी राहिली की मी विचारलं, पाय दुखतात का? तर मान हलवली. बहुतेक दुखत असावेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

धडा पाठ झाला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. पान कुठे उलटायचं तेही शिकवलं. 'सकाळी' म्हटलं की बोट ओलं करायचं आणि उलटायचं. मावशी फर्मे लावता लावता ऐकत होत्या. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, एवढंच.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मुंगी मंद आहे.

आज पहिल्यांदा लिहिलं. मनात होतंच, लिहून टाकलं म्हणजे संपलं.

आम्ही दोघं बाईंसमोर बसलो होतो. बाई चांगल्या आहेत, पोरीला खडीसाखर दिली. मुंगीने पुस्तक घेतलं आणि सुरू केलं. माझी मान ताठ. पहिलं पान झालं, बोट ओलं केलं, 'सकाळी'ला उलटलं. बाईंनी पुस्तक हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणाल्या, छान, आता हे वाच. आणि मधलंच एक पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मग धड्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.

बाईंनी तिला पूर्ण म्हणू दिलं. मध्ये थांबवलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं, तेवढा वेळ मी तिथे बसून होतो. बोट ओलं केलं. उलटायला पान नव्हतं, ते तिने हवेत उलटलं. मग बाईंनी तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, हे पाठ कुणी करून घेतलं? मी म्हटलं, तिने आपणहून केलं असेल.

सात वर्षांच्या पोरीवर ढकललं मी. तोंडातून कसं गेलं कळलंच नाही. आणि बाहेर आल्यावर तिलाच रागावलो, की मधलं पान उघडल्यावर तेवढं तरी ओळखायला नको होतं? ती म्हणाली, "तू म्हणाला होतास पहिल्यापासून म्हणायचं." खडीसाखर अजून तिच्या मुठीत होती. विरघळून हात चिकट झाला होता.

सोमवारपासून पहिलीत. बायकोला सगळं कळलं, बाईंनी फोन केला. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, मला विचारायचं होतंस. आणि मुंगीचा हात धुऊन दिला.

शिकवणं बंद. ही वहीसुद्धा बंदच करायला हवी.

४ नोव्हेंबर, सोमवार

बंद करायची म्हटलेली वही पुन्हा उघडली. एकावर एक संकटं.

महाविद्यालयातून माणूस आला, हातात आमचं पुस्तक. सातवा फर्मा आणि आठवा फर्मा उलटसुलट लागलेत. मुळांचा रोग अर्ध्या वाक्यात संपतो आणि एकदम पिकलेल्या फळाला बुरशी लागते, मग सोळा पानांनी परत मुळं. प्राध्यापकांनी वर्गात उघडलं आणि मुलं हसली म्हणे. अडतीस प्रतींत हा घोळ. या दुकानातून चुकीचं पुस्तक कधी बाहेर गेलं नव्हतं. वडिलांच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही.

मावशींना त्या माणसासमोरच बोललो. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन चष्मा आणलात तो काय शोभेला? दिसत नसेल तर सांगा, दुसरी बाई बघतो. मावशींनी ते पुस्तक हातात घेतलं. पाठ बघायला गेल्या, पण तिथे आता कापड आणि पुठ्ठा. मग आत उघडून शिवण बघितली. माझ्याकडे बघितलं. मुंगी स्टुलावर बसलेली होती, तिच्याकडेही बघितलं.

मुंगी म्हणाली, "बाबा, ते," आणि मी म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस.

मावशींनी डबा पिशवीत घातला, पदर खोचला होता तो सोडला आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत परत आल्या नाहीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशी आल्या नाहीत. मी दुकानात येणार नाही, असं मुंगीने सांगितलंय. आईबरोबर थेट घरी गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद होतं तरी येऊन बसलो. अडतीस पुस्तकं टेबलावर रचून ठेवलीत, उसवायची आहेत. महाविद्यालयाला पत्र लिहायचं होतं, की चूक आमच्या कामगाराकडून झाली. त्यात तारीख घालायची म्हणून ही वही मागे चाळत गेलो. फर्मे कोणत्या दिवशी लावले ते बघायला.

अठरा सप्टेंबर.

माझ्याच अक्षरात लिहिलंय. मावशी डॉक्टरकडे गेल्या होत्या. सात नि आठचे गठ्ठे मी आणून मांडले. चाळीसेक प्रती मी लावल्या. आणि खाली लिहिलंय की मुंगीने सांगितलं. एकदा नाही, दोनदा.

ते पान मी चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी वाचवेना.

मुंगीला दिसलं होतं. बसल्या जागेवरून, मी चालत असताना, माझ्या हातातल्या पुस्तकाची पाठ बघून तिला दिसलं होतं. मी तिला अक्षरं दिसत नाहीत म्हणून पट्टी आपटत होतो. मग ती गप्प बसली आणि मी लिहिलं की प्रती वेळेत झाल्या.

मग सगळीच वही पहिल्यापासून वाचली. फर्म्यांच्या ओळींवरची कुजबुज. दुकानांच्या पाट्या. पाय दुखत असावेत म्हणे! लिहिताना मी काय बघत होतो? माझ्या बायकोने दुसऱ्या आठवड्यातच विचारलं होतं, हसत होती म्हणजे कशाला हसत होती. त्याचं उत्तर मी आजपर्यंत शोधलं नाही.

आणखी एक. हे इथे लिहून टाकतो, कारण तोंडाने कुणाला सांगायची हिंमत होईल की नाही माहीत नाही. मी पाचव्या वर्षी वाचत नव्हतो. नवव्या वर्षीही वाचत नव्हतो. पट्टी तीच आहे. लोखंडी, एका टोकाला वाकलेली. ती कशाने वाकली ते मला माहीत आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

मावशींकडे गेलो. मुंगीला म्हटलं, येतेस? तिला वाटलं मावशींना परत रागवायला निघालोय. म्हणाली, रागावणार नसशील तर येते.

मावशींची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, एक खिडकी, खिडकीत चष्म्याचं घर. मी दारातच उभा राहिलो. वाटेत जे जे जुळवलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "मावशी, ते फर्मे मी लावले होते."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "तुझी घाईतली शिवण मी ओळखते. पाठ कापडाने झाकली असली, तरी त्या दिवशी मी नव्हते, हे विसरेन का मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा आवाज चढला होता. वडिलांचा चढायचा तसा. त्यांच्याशीही मी तेव्हा बोलत नसे."

मी मान वर केली नाही. मुंगी मात्र आत जाऊन खाटेवर बसली होती. तिने विचारलं, बाबांचे बाबा बाबांना ओरडायचे? मावशींनी मला विचारलंसुद्धा नाही, सरळ सांगायला लागल्या. की तुझा बाबा दहाव्या वर्षापर्यंत टेबलाखाली बसलेला असायचा, पुस्तक मांडीवर, गाल लाल. वडील म्हणायचे, या मुलाच्या हातून काही व्हायचं नाही. मी त्याला खालून फर्मे द्यायला सांगायचे. एक दिवस खालून फर्मा वर देताना हा म्हणतो, मावशी, हे वाक्य पुढे जात नाही, दुसरा देतो. कुणी शिकवलं नाही. त्याच्या वडिलांना मी लगेच सांगायला गेले नाही. म्हटलं, चार दिवस त्याला मजेत वाचू दे.

मला हे आठवत नव्हतं. टेबलाखालचं आठवत होतं, हे नाही. इतकी वर्षं मी फक्त पट्टी लक्षात ठेवली.

मग मुंगीसमोर खाली बसलो. म्हटलं, जिना मोडला होता. तू बरोबर सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. बाईंनाही खोटं सांगितलं, धडा मीच पाठ करून घेतला होता. एवढ्या लहान तोंडासमोर हे बोलायला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. ती माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं मलाच नीट दिसत नाही."

हे तिने जसं म्हटलं तसं लिहून ठेवलंय. विसरू नये म्हणून.

घरी आल्यावर बायकोलाही माझ्या पाचव्या वर्षाचं खरं सांगून टाकलं. ती हसली. "तुझ्या आईने लग्नाआधीच सांगितलं होतं," म्हणाली. अकरा वर्षं ती माझी फुशारकी ऐकत आली आणि एकदाही टोकलं नाही. लाजेने मला जेवण गेलं नाही. तिने आग्रहही केला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मावशी परत आल्या. महाविद्यालयाला खरं पत्र लिहिलं आणि बाईंनाही एक. बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं. मुंगी पहिलीत आनंदात आहे, तिथे ती छोट्यांचे बूट क्रमाने लावून देते.

अडतीस पुस्तकं उसवली. दोरा कापायचा, जुना गोंद खरवडायचा, फर्मे सुटे करायचे, सात आणि आठ जागेवर ठेवून पुन्हा शिवायचं. मुंगी आपणहून आली. दोरे ओढायचं काम तिने घेतलं. प्रत्येक पुस्तक लागलं की पाठ तिच्यापुढे धरायचो. ती डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बोट न्यायची आणि "उतरा" म्हणायची. तिने उतरा म्हटल्याशिवाय एकही शिवलं नाही. पाठ्यपुस्तक खळीच्या डब्याखाली गेलं आहे. मी काढलेलं नाही.

आज दुकान उघडताना पुन्हा मागितलं. बायकोचेच शब्द वापरले. उसने घेतलेत, तिला सांगितलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

हे लगेच लिहितोय, मुंगी इथेच आहे.

जेवण झाल्यावर दोघंच दुकानात आलो होतो. बायकोची दिवसपाळी. मला ही वही पुरी करायची होती, या फर्म्याचं शेवटचंच पान राहिलं होतं. उघडून ठेवली आणि मागच्या खोलीत खळ ढवळायला गेलो. परत आलो तर मुंगी स्टुलावर गुडघे टेकून उभी, वही तिच्यापुढे, तीही मागे उलटलेली. मला आधी राग आला, माझी वही म्हणून. मग बघितलं की तिचं बोट एका शब्दावर आहे आणि ती एकदम गप्प आहे. ओठ हलत नाहीत, श्वाससुद्धा रोखून धरलेला. नजर वेगळीच.

मी दारातच थांबलो. पळी हातात तशीच, खळ चपलेवर ठिबकत होती.

"मुंगी," ती म्हणाली. दप्तरावरचा शब्द. बोट पुढे सरकलं. बराच वेळ गेला. मी सांगायला गेलो नाही. "मं. द. मंद." मग भरभर, "आ हे. आहे." आणि मग सगळं एकत्र, मोठ्याने, मान वर करून, हसत: "मुंगी मंद आहे! बाबा, मी वाचलं! पाठ नाही केलं, वाचलं!"

मला दिसलं. मागितलं होतं तसंच दिसलं. माझ्या मुलीने आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं आणि ते मी लिहिलेलं होतं.

तिने पुन्हा वाचलं, वाचता येतंय की नाही हे बघायला. या वेळी शेवटी आवाज बारीक झाला. बोट 'मंद'वर परत आलं आणि तिथेच राहिलं.

"ही मी?"

"हो."

"तू लिहिलंस?"

"मी लिहिलं. ते खोटं आहे, मुंगी. मला दिसत नव्हतं तेव्हा लिहिलं."

ती रडली नाही. तिने विचार केला आणि विचारलं, "मग उसवायचं?"

पान फाडायला मी हात घातलाच होता. पण बाइंडरला कळतं. एका कागदाची घडी घातली की दोन पानं होतात, एक फर्म्यात पुढे, एक मागे. एक फाडलं की त्याचा जोडीदार सुटून बाहेर येतो. मी मोजून बघितलं. पंचवीस ऑक्टोबरचं ते या फर्म्याचं पहिलं पान आणि हे, आजचं, शेवटचं. एकाच कागदाची दोन टोकं. ते काढलं तर हेही राहत नाही. मुंगीला वही उघडून दोऱ्यापाशी दाखवलं. तिने दोन्ही पानं ओढून बघितली आणि तिला पटलं.

"मग इकडे खरं लिही," ती म्हणाली. "मोठं लिही. मी वाचणार."

आता ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी आहे. इथपर्यंतचं माझं बारीक अक्षर तिला लागत नाही म्हणून कंटाळली आहे. संध्याकाळी तिची आई आली की ती हे पान तिला वाचून दाखवणार, आधी पहिलं मग हे, असं तिने ठरवलंय. दोन्ही दाखवणार. मी नाही म्हणू शकलो नाही.

मोठ्या अक्षरात लिहितो.

मुंगी ने जिना पाहिला.

बाबा ने नाही पाहिला.

दुसऱ्या ओळीवर माझा हात आडवा येतोय. ती मनगट धरून बाजूला ढकलते आहे.

"हात काढ ना बाबा. मला दिसू दे."

काढला.